बिनतोड सर्व्हिसच्या यादीत लेव्हर का नाही?

मुंबईत कूपरेजच्या टेनिस कोर्टांवर सामना पाहताना एक विधान हमखास कानावर पडते : बिनतोड सर्व्हिसच्या (म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न लागता थेट गुण देणाऱ्या ‘एस’च्या) सार्वकालिक यादीत १९६० च्या दशकातला ऑस्ट्रेलियन दिग्गज रॉड लेव्हर दिसत नाही, म्हणजे जुन्या काळी सर्व्हिस दुबळीच होती. हा समज साफ चुकीचा आहे. पुरुषांच्या एटीपी या व्यावसायिक दौऱ्यावर सर्व्हिस आणि रिटर्नची (समोरच्याची सर्व्हिस परतवण्याची) पद्धतशीर नोंद १९९१ पासून होऊ लागली आणि लेव्हरची कारकीर्द त्याच्या कितीतरी आधी संपली होती.

नोंदी असलेल्या काळातही नुसती बेरीज फसवते. २०१० च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नरने निकोला माहूविरुद्ध ११३ बिनतोड सर्व्हिस केल्या खऱ्या, पण पाचवा सेट ७०-६८ असा लांबल्याने त्या सामन्यात एकूण १८३ गेम झाले होते. आता निर्णायक सेटमध्ये ६-६ नंतर टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा एकच छोटा गेम) होत असल्याने तसा सामना पुन्हा घडणेच शक्य नाही. म्हणून खेळाडूने स्वतः सर्व्हिस केलेल्या एका गेममागे किती बिनतोड सर्व्हिस, हेच पाहावे, असा माझा आग्रह आहे.

रिटर्नची तुलना तर आणखी अवघड, कारण रिटर्नवर जिंकलेल्या गुणांची टक्केवारी समोरच्याच्या सर्व्हिसवर आणि कोर्टाच्या प्रकारावर (गवत, माती की हार्डकोर्ट) अवलंबून असते. लेव्हरने १९६९ मध्ये चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या, त्यांतल्या तीन गवतावर. आज गवतावर फक्त विम्बल्डन उरले आहे.