खुणेनं सांगता न येणारा व्यायाम

फिजिओथेरपीला भाषा फारशी लागत नाही, असा एक समज सगळीकडे पसरलेला आहे. डॉक्टरला आजार समजून घ्यायचा असतो म्हणून बोलावं लागतं. व्यायाम काय, करून दाखवला की पेशंट बघून करतो. रुग्णालयं चालवणारे असं मानतात, कारखान्यांतली एचआर खाती मानतात, आमच्या व्यवसायातलेही काही जण मानतात. मी हाताच्या दुखापतींवर काम करते. चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातले कामगार माझ्याकडे येतात. त्यातले बरेच बिहार, झारखंड, ओडिशा, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले असतात. हाताच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळायला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कसं भरून येतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. एका हाताची पकड दुसऱ्या हाताच्या कोपराखाली ठेवा आणि त्या दुसऱ्या हाताची बोटं हलवा. आत काहीतरी सरकताना जाणवेल. ते स्नायू तिथे आहेत. तिथून निघालेली टेंडनं मनगटातून, तळव्यातून बोटांपर्यंत जातात. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतात. पण ही रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही, ही ओढ पोचवणारी चिवट दोरी आहे. अंगठा सोडून प्रत्येक बोटात अशा दोन दोऱ्या असतात. वरची मधल्या पेराला जोडलेली असते. ती वाटेत दुभंगते, आणि त्या फटीतून खालची दोरी पुढे निघून शेवटच्या पेरापर्यंत जाते. दोन्ही एकाच अरुंद नळीतून धावतात, आणि ही नळी ठिकठिकाणी पट्ट्यांनी हाडाला बांधलेली असते. सायकलच्या ब्रेकची तार कव्हरातून जशी सरकते, तशी ही सरकते. कव्हर खराब झालं की तार शाबूत असूनही ब्रेक लागत नाही.

तळव्यावरच्या बोटांजवळच्या रेघेपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा भाग सगळ्यात अवघड. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी त्याला रणांगणावरच्या, दोन्ही सैन्यांमधल्या निर्मनुष्य पट्ट्याचं नाव दिलं होतं, कारण इथे कापलेलं टेंडन शिवून बोट पुन्हा नीट वाकेल याचा भरवसाच नसे. पत्र्याची बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची धारदार कूस, लागते, ग्लोव्हज घातलेले नसतात किंवा फाटलेले असतात, आणि जखम नेमकी या पट्ट्यात होते. वरून दोन सेंटिमीटरची चीर दिसते. आत दोन्ही टेंडनं तुटून एक टोक तळव्यात मागे गेलेलं असतं.

शिवलेलं टेंडन दोन वाटांनी भरून येतं. एक म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशी दोन टोकांमध्ये नवं कोलॅजन विणतात. दुसरी वाट म्हणजे आजूबाजूच्या ऊतींतून पेशी येऊन जखम बुजवतात. ही दुसरी वाट फार उपकारक वाटते, पण तिथेच घात होतो, कारण बाहेरून आलेलं हे विणकाम टेंडनला नळीच्या भिंतीशीही विणून टाकतं. टेंडन जुळतं, पण सरकत नाही. पूर्वी टाके घातल्यावर हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवायचे. प्लास्टर काढल्यावर टेंडन जुळलेलं असायचं आणि बोट काठीसारखं ताठ राहायचं.

यातून बाहेर काढलं ते हालचालीनं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या लुईव्हिलचे सर्जन हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी नखाला रबर बँड लावून बोट वाकलेलं ठेवलं. पेशंटनं बोट स्वतः सरळ करायचं, वाकवायचं काम रबर बँडनं करायचं. १९७५ मध्ये डुरान आणि हाउसर यांनी दाखवलं की टेंडन नळीत फक्त तीन ते पाच मिलिमीटर सरकलं तरी ते चिकटून बसत नाही. तीन ते पाच मिलिमीटर! एवढ्याशा अंतरावर त्या कामगाराच्या मुठीचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. नंतर रिचर्ड गेल्बरमन यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की लवकर हलवलेलं टेंडन कमी चिकटतं, शिवाय जास्त मजबूत भरून येतं. ओढ मिळाली की पेशी कामाला लागतात.

आता दुसरी बाजू. हात सुजलेला असताना बोट दुसऱ्या हातानं अलगद वाकवलं, तर टेंडनवर ढोबळमानानं अर्धा किलोचा ताण येतो. स्वतःच्या जोरावर हलकी मूठ वळली तर दीड किलो. घट्ट मूठ वळली तर पाच किलो. चिमटीनं काही धरलं तर त्याहूनही जास्त. चार पदरी टाका पहिल्या दिवशी साधारण चार किलोपर्यंत तग धरतो, पण आठवड्याभरात टेंडनची टोकं मऊ पडतात आणि ही ताकद निम्म्यापर्यंत उतरते. पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. म्हणजे हलवलं नाही तर चिकटणार, जोरात हलवलं तर तुटणार, आणि या दोन्हींमधली सुरक्षित जागा दीड-दोन किलोंच्या आत आहे.

भाषेचा प्रश्न इथे येतो. बोट दुसऱ्या हातानं वाकवणं आणि स्वतःच्या स्नायूनं वाकवणं, यांत ताणाचा फरक किमान तिपटीचा आहे, पण बघणाऱ्याला दोन्हींत वाकलेलं बोटच दिसतं. मी माझा डावा हात उजव्यावर ठेवून बोट वाकवून दाखवते, तेव्हा उजवा हात ढिला सोडलाय हे डोळ्यांना दिसत नाही. ते सांगावंच लागतं. हलकं आणि घट्ट यांतला फरकही बाहेरून जवळजवळ दिसत नाही. बाकीच्या सूचनांचंही तेच. ‘हे कर’ एवढं खुणेनं दाखवता येतं. ‘हे करू नकोस’ दाखवायला गेलं की आधी ते करूनच दाखवावं लागतं. ‘सहा आठवडे होईपर्यंत’, ‘झोपेतसुद्धा’, ‘बोट अचानक सैल पडलं तर त्याच दिवशी ये’, यांसाठी हाताची कुठलीच खूण नाही. टेंडनच्या उपचारात हीच वाक्यं औषध असतात.

एकदा ओडिशाचा एक तरुण टाके घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला. सोबत कंपनीचा सुपरवायझर होता, त्याला थोडी ओडिया येत होती. मी चार गोष्टी सांगितल्या: बोट दुसऱ्या हातानं वाकवायचं, स्प्लिंटच्या, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या साच्याच्या, पाठीला टेकेपर्यंत स्वतः सरळ करायचं, स्प्लिंट काढायचा नाही, या हातानं काहीही उचलायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा. सुपरवायझरनं त्याला एकच छोटं वाक्य सांगितलं. तरुणानं मान डोलावली, “हाँ मॅडम, समझ गया.” मी म्हटलं, “चांगल्या हातानं करून दाखव बरं.” त्यानं डावा हात पुढे केला आणि बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत मूठ आवळली. दुखऱ्या हातानं ही परीक्षा घेतली असती तर टाका तिथेच गेला असता. मग त्याच्या खोलीवरच्या मावसभावाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, एकेक वाक्य त्याच्याकडून बोलवून घेतलं आणि प्रत्येक वाक्यानंतर चांगल्या हातानं करून घेतलं.

ऐकलेलं उलट आपल्याला सांगायला किंवा करून दाखवायला लावायचं, ही साधी पद्धत अभ्यासलेली आहे. डीन शिलिंजर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मधुमेहाच्या पेशंटांशी डॉक्टर कसं बोलतात ते तपासलं. नवी माहिती दिल्यावर पेशंटला ती कळली का, हे डॉक्टरांनी जेमतेम पाचातल्या एकालाच विचारलं होतं. ज्यांना विचारलं गेलं, त्यांची साखर आटोक्यात असण्याची शक्यता जास्त होती. “समजलं का?” हा प्रश्न मात्र कुचकामी आहे. कामगार आदरापोटी ‘हो’ म्हणतो, संकोचापोटी ‘हो’ म्हणतो आणि बाहेर रिक्षा थांबलीय म्हणूनही ‘हो’ म्हणतो.

मिळेल त्याला दुभाषा म्हणून उभं करण्याचे परिणामही मोजलेले आहेत. अमेरिकेत ग्लेन फ्लोरेस यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या. निम्म्याहून जास्त चुका गाळण्याच्या होत्या, म्हणजे सांगितलेलं पुढे पोचलंच नाही. ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता. आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. दुभाषा बहुतेक वेळा मुकादम, ठेकेदार किंवा सुपरवायझर असतो, आणि माणूस लवकर मशिनवर परत यावा यात त्याचा हितसंबंध असतो. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण ‘सहा आठवडे काही उचलायचं नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून पूर्ण ताकदीनं निघणं कठीण आहे. दुखणं कुठे आणि किती, हेही कामगार त्याच्यासमोर मोकळेपणानं सांगत नाही.

‘हिंदी तर सगळ्यांना येते’ हा आणखी एक समज. आमची हिंदी मराठी वळणाची, त्यांची कारखान्यात शिकलेली. ‘माल चढाओ’, ‘मशीन बंद करो’ एवढ्यापुरती ती दोघांनाही पुरते. ‘ताण जाणवेल तिथे थांब, दुखेपर्यंत जाऊ नकोस’ हे सांगायला तिथे शब्द पुरत नाहीत. शिवाय २०११ च्या जनगणनेत पाच कोटींहून जास्त भोजपुरी भाषक हिंदीतच मोजलेले आहेत. कागदावर ‘भाषा: हिंदी’ लिहिलेला माणूस घरी निराळ्याच भाषेत कण्हत असतो.

हल्ली काही सर्जन पेशंटला जागं ठेवून टेंडन शिवतात, आणि मला ही पद्धत मनापासून आवडते. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंद यांनी तिचा मोठा प्रसार केला. फक्त तो भाग बधिर करायचा आणि रक्तस्राव थांबवायला इंजेक्शनमध्ये ॲड्रेनालिन मिसळायचं. बोटात ॲड्रेनालिन टोचलं की बोट काळं पडतं, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं; योग्य मात्रेत दिलं तर ते सुरक्षित असल्याचं आता दिसून आलंय. टाका घालून झाला की सर्जन म्हणतो, “आता बोट वाकव.” टाक्यात फट पडते का, टेंडन नळीत अडकतं का, ते तिथल्या तिथे कळतं. आपली दोरी ओढली की बोट वळतं, हे कामगार स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. आणि त्या टेबलावर तासभर तो शुद्धीत, मोकळा असतो. पुढच्या सूचना देण्यासाठी एवढा वेळ बाह्यरुग्ण विभागात कधीच मिळत नाही, म्हणून त्याची भाषा बोलणारं कुणीतरी त्या खोलीत हवं.

सूचना कशी द्यायची याचंही विज्ञान आहे. हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ पासून दाखवलंय की शरीराच्या भागाकडे लक्ष वेधण्यापेक्षा बाहेरच्या लक्ष्याकडे वेधलं तर हालचाल लवकर आणि नीट शिकली जाते. ‘मधला सांधा वाकव’ यापेक्षा ‘नख इथे टेकव’ असं म्हणून तळव्यावर पेनानं ठिपका काढणं चांगलं. असं वाक्य दुसऱ्या भाषेत नेणंही सोपं जातं.

भाषांतराच्या ॲपचा सध्या मोठा गाजावाजा आहे. माझा विरोध नाही, पण आकडे बघा. २०१९ मध्ये डिस्चार्जच्या वेळच्या इंग्रजी सूचना गूगल ट्रान्सलेटमधून काढून तपासल्या गेल्या. स्पॅनिशमध्ये ९२ टक्के वाक्यं बरोबर आली, चिनीमध्ये ८१ टक्के. गंभीर इजा होऊ शकेल अशा चुका अनुक्रमे २ आणि ८ टक्के वाक्यांत होत्या. या भाषांत मजकुराचा समुद्र उपलब्ध आहे. भोजपुरी किंवा संथालीसाठी तेवढा मजकूर मशीनला शिकायला मिळालेलाच नाही. ‘नको’ गळून पडलं तर टेंडन तुटतं. ॲप वापरायचंच असेल तर वाक्य छोटं ठेवावं, एकात एकच गोष्ट सांगावी आणि आलेलं भाषांतर उलट मराठीत आणून पाहावं. त्यापेक्षा मला कामगाराच्याच फोनवर त्याच्याच हाताचा व्हिडिओ काढून देणं जास्त भरवशाचं वाटतं. वर आवाज त्याच्या गाववाल्याचा, त्याच्या भाषेत. बहुतेकांना पत्रक वाचता येत नाही, व्हिडिओ मात्र खोलीवर दहा वेळा बघितला जातो. ‘दर दोन तासांनी’ऐवजी चहा, जेवण, शिफ्टचा भोंगा अशा वेळा सांगितलेल्या लक्षात राहतात.

व्हिडिओत एक वाक्य मालिशविरुद्धही असतं. पेशंट गावी गेला की घरचे हाडवैद्याकडे नेतात. तो कोमट तेलानं बोट चोळतो आणि ‘मोकळं’ करायला ओढतो. त्या ओढीत किती किलोचा ताण आहे हे कुणी मोजत नाही. तिसऱ्या आठवड्यात असं ओढलेलं बोट पुन्हा शस्त्रक्रियेसाठी आलेलं मी पाहिलंय.

टाका तुटण्याचं आणखी एक कारण मात्र शरीराबाहेरचं आहे. पगार थांबलेला असतो, म्हणून कामगार दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच, म्हणजे टेंडन सगळ्यात कमजोर असताना, कामावर हजर होतो. तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, नोंदलेला असेल, तर कामावरच्या अपघातातून आलेल्या तात्पुरत्या अक्षमतेच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी आधी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून व्हिडिओत व्यायामाच्या आधीच ते सांगून घेते: जड काम बाराव्या आठवड्याच्या आधी नाही, तोवर हे पैसे तुझ्या हक्काचे, आणि या कागदावर काय लिहिलंय ते ऐकल्याशिवाय अंगठा लावू नकोस.