सभासद की ग्राहक? कम्युनिटी एक्स्चेंजच्या संचालकपदामागचा इतिहास

इंटरनेट एक्स्चेंज म्हणजे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडून आपसातल्या ट्रॅफिकची (डेटाची) देवघेव करतात ती जागा; ती सभासदांच्याच मालकीची असेल तर कम्युनिटी एक्स्चेंज. अशा एक्स्चेंजच्या संचालक मंडळावर जाण्याचा विचार करणाऱ्याने सगळ्यात आधी फेब्रुवारी २०१७ मधलं लंडनचं प्रकरण समजून घ्यावं. तिथल्या सभासदांच्या मालकीच्या एक्स्चेंजमध्ये पोटनियम बदलण्याचा ठराव मतदानाला आला. काही बाबी सभासदांपासून गुप्त ठेवण्याची मुभा संचालकांना मिळावी, असा त्याचा गाभा होता. तीनच महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ब्रिटनमध्ये पाळतीचा नवा कायदा झाला होता. सरकार दूरसंचार चालकांवर तांत्रिक सोयी करून देण्याचे आदेश बजावू शकेल आणि असा आदेश आला हेही त्यांना कुणाला सांगता येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. म्हणून सभासदांनी दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या. आपल्या सामायिक स्विचवर, म्हणजे सगळ्यांची नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रावर, काय बसवलं जातंय हे आपल्यालाच कळणार नसेल, तर आपण कसले मालक?

मंडळाच्या बाजूने पाहिलं तर अडचण खरी होती. कायद्यानेच तोंड बंद केलं आणि पोटनियम मात्र सभासदांना विचारा म्हणत असतील, तर संचालक दोन्हीकडून अडकतो. तरीही ठराव मंजूर झाला नाही. माझ्या मते तेच योग्य झालं. गुप्तता पाळायची सक्ती कायद्याने होत असेल तर ती कायद्याची जबाबदारी. संस्थेने ती आपणहून पोटनियमात लिहून ठेवायची गरज नव्हती.

हा वाद इतका चिघळला याचं मूळ ‘सभासद’ या शब्दात आहे. लंडनचं एक्स्चेंज १९९४ मध्ये पाच इंटरनेट सेवा पुरवठादारांनी सुरू केलं, तेव्हा आपसातला ट्रॅफिक महागड्या अटलांटिकपार लाइनवरून अमेरिकेत जाऊन परत येऊ नये, एवढाच हेतू होता. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या ८ पोर्टांचा (जोडणीच्या जागांचा) एक स्विच, बस्स. पोर्ट घेणारा, खर्च उचलणारा, मत देणारा आणि बैठकीला बसणारा माणूस एकच असायचा. संचालकपद म्हणजे मान कमी आणि काम जास्त. एप्रिल १९९५ मध्ये अमेरिकेतला सरकारी कणा, म्हणजे सरकारी पैशांवर चालणारं इंटरनेटचं मुख्य जाळं, बंद झालं आणि ट्रॅफिक खासगी जोडण्यांवर आला, तेव्हा तिकडची अनेक एक्स्चेंज खासगी कंपन्यांच्या हाती राहिली. युरोपात मात्र सभासदांच्या संस्थेचं वळण रुजलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या एक्स्चेंजची संस्था १९९७ मध्ये नोंदली गेली तीही त्याच साच्यात.

पुढे पोर्ट १० मेगाबिटवरून १०० गिगाबिटवर गेले, पगारी कर्मचारी आले, मार्केटिंग आलं. पोर्ट घेणाऱ्यांमध्ये मोठ्या कंटेंट आणि क्लाउड कंपन्या आल्या. त्यांचा ट्रॅफिक डोंगराएवढा, पण प्रति सभासद एक मत असेल तिथे मत छोट्या सेवा कंपनीइतकंच. काही एक्स्चेंजमध्ये पोर्ट घेतला की सभासदत्व आपोआप मिळतं, काहींमध्ये ते वेगळं घ्यावं लागतं, तर काहींमध्ये नुसता करार होतो, मत मिळत नाही. तिन्ही ठिकाणी ‘मेंबर’ हाच शब्द वापरतात आणि घोळ तिथेच होतो. निवडणुकीला उभं राहणाऱ्याने पोटनियमातली सभासदाची व्याख्या वाचावी, माहितीपत्रकातली नव्हे. शिलकीतून पोर्टचे दर उतरवायचे की पुढच्या स्विचसाठी गंगाजळी ठेवायची, हा दरवर्षीचा वाद शेवटी त्याच व्याख्येशी येऊन थांबतो: ग्राहकाला दर हवा असतो, मालकाला संस्था टिकायला हवी असते.

२०१३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सभासदांनीही असंच मतदान केलं. अमेरिकेत शाखा काढायची का? त्याच वर्षी अमेरिकी पाळतीची कागदपत्रं फुटली होती, त्यामुळे तिकडचा कायदा मूळ संस्थेपर्यंत पोहोचेल ही भीती होती. त्यावर कायद्याने वेगळी संस्था उभारण्याचा मार्ग काढला गेला आणि ठराव मंजूर झाला. लंडनला नकार, इथे होकार. फरक माझ्या मते एवढाच की इथे सभासदांना सगळं आधी सांगितलं गेलं.

सरकारशी गाठ केवळ श्रीमंत देशांतच पडते असं नाही. नैरोबीचं एक्स्चेंज नोव्हेंबर २००० मध्ये सुरू झालं आणि काही आठवड्यांतच दूरसंचार नियामकाने ते बंद पाडलं. मक्तेदार दूरसंचार कंपनीची तक्रार होती. फेब्रुवारी २००२ मध्ये परवान्यासह ते पुन्हा उघडलं. ज्यांनी ते टिकवलं त्यांना राउटिंगइतकंच (ट्रॅफिकचे मार्ग ठरवण्याइतकंच) नियामकाच्या दालनातलं काम करावं लागलं.

मंडळावर बसणारे बहुतेक जण अजूनही कुठल्या तरी नेटवर्क कंपनीत किंवा डेटा सेंटरमध्ये नोकरी करतात. निवडून आल्यावर संचालकाची बांधिलकी एक्स्चेंजशी असते, त्याला पाठवणाऱ्या कंपनीशी नाही. नवा स्विच कोणत्या डेटा सेंटरमध्ये ठेवायचा हा विषय निघाला की तिथे नोकरी करणाऱ्या संचालकाने हितसंबंध जाहीर करायचे, खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यायची.