लीजिया आणि बाओजिया: एकीला सारा हवा, दुसरीला खबर

चीनमधल्या जुन्या गावकारभाराचा विषय निघाला की ही दोन नावं हमखास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्हींत घरांचे गट दहा-दहाच्या हिशेबाने केलेले, गावातलाच माणूस प्रमुख आणि कामाचा भार गावकऱ्यांवर. पण लीजिया होती सारा आणि वेठबिगार यांच्या वसुलीसाठी, तर बाओजिया होती पाळतीसाठी.

लीजिया मिंग राजवटीचा संस्थापक चू युआन-चांग याने १३८१ मध्ये देशभर लागू केली. ११० घरांची एक ली. त्यांतली सर्वांत सधन दहा घरं आळीपाळीने एकेक वर्ष प्रमुखपद सांभाळत. उरलेल्या शंभरांचे दहा जिया, म्हणजे दहा-दहा घरांचे गट. सधनच का, तर वसुलीत तूट आली की प्रमुखाला पदरमोड करून ती भरावी लागे. घरं, माणसं आणि जमिनी यांची नोंद पिवळ्या वेष्टनाच्या वह्यांत होई. दर दहा वर्षांनी नव्याने तयार होणाऱ्या या वह्या नानजिंगमध्ये शुआनवू तलावातल्या बेटांवर ठेवत, आगीपासून वाचाव्यात म्हणून. सरकारला कागद किती मोलाचा वाटत होता, ते यावरून कळतं.

बाओजिया त्याहून तीनशे वर्षं जुनी. सोंग दरबारातला सुधारक मंत्री वांग आन-शी याने १०७० मध्ये ती आणली: दहा घरांचा एक बाओ, दोन किंवा अधिक कर्ते पुरुष असलेल्या घरातून एक माणूस, रात्रीची गस्त, शस्त्रांचा सराव. शेजाऱ्याचा गुन्हा ठाऊक असून लपवला तर शिक्षा. सक्ती टाळायला लोक बोटं तोडून घेतात, अशा तक्रारी दरबारापर्यंत गेल्या.

बाओजिया गावात प्रत्यक्ष कशी चाले, ते वांग यांग-मिंगकडे पाहिलं की समजतं. हा तत्त्वज्ञ १५१७ मध्ये दक्षिण जिआंगशीत बंडखोरांचा बंदोबस्त करायला आला होता. त्याने दहा घरांत मिळून एक फलक ठेवला. रोज एका घराची पाळी. त्या घरातल्या माणसाने संध्याकाळी फलक घेऊन दारोदार जायचं: आज कोण घरी नाही, कुठे गेलंय, कोण परका मुक्कामाला आलाय. संशयास्पद काही दिसलं तर लगेच कळवायचं. लपवलं तर दहाही घरं दोषी. इथे वसुलीचा प्रश्नच नाही. मला यातलं सर्वांत भयंकर वाटतं ते हे, की पहारेकरी आणि संशयित ही दोन्ही माणसं एकाच गल्लीतली.

गोंधळ वाढला तो पुढे. सोळाव्या शतकात बरेचसे कर आणि वेठ एकत्र करून चांदीत घेऊ लागले आणि लीजिया खिळखिळी झाली. छिंग राजवटीत अठराव्या शतकात लोकसंख्येची मोजणीही बाओजियाकडे आली. पाळतीची यंत्रणाच शिरगणती करू लागल्यावर दोन्ही एकच वाटणार!

विसाव्या शतकात राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेक याच्या सरकारला कम्युनिस्टांविरुद्ध जुनं हत्यार हवं होतं. १९३२ मध्ये त्याने हुबेई, हनान आणि आन्हुई प्रांतांत पुन्हा उभी केली ती बाओजियाच. घरकर्त्यांकडून एकमेकांचे जामीन लिहून घेतले. एकाने कम्युनिस्टांशी संधान बांधलं आणि बाकीच्यांनी ते दडवलं, तर सगळेच जबाबदार.