धावत निघालेली ग्वादालूपे

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या, म्हणजेच चिकाना, चित्रकर्तींनी मरियामातेची चित्रं बदलून काढायला सुरुवात केली ती १९७०च्या दशकात. ‘ग्वादालूपेची माता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूळ चित्राची गोष्ट मात्र १५३१ सालापासून सांगावी लागते.

स्पॅनिश फौजांनी ॲझ्टेकांची राजधानी पाडून दहा वर्षं झाली होती. श्रद्धा अशी, की आताच्या मेक्सिको सिटीजवळच्या तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो या आदिवासी माणसाला मरियेने दर्शन दिलं. ती त्याच्याशी ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत बोलली आणि त्याच्या अंगावरच्या जाड्याभरड्या उपरण्यावर तिची प्रतिमा उमटली. सावळा वर्ण, ताऱ्यांची निळसर ओढणी, भोवती सूर्यकिरण, पायाखाली चंद्रकोर आणि खाली तिला तोलून धरणारा देवदूत. हात जोडलेले, मान कललेली, नजर जमिनीकडे. त्याच टेकडीवर पूर्वी तोनान्त्सिनची, म्हणजे ‘आमच्या आई’ची, पूजा होत असे, अशी तक्रार सोळाव्या शतकातल्या एका पाद्र्यानेच लिहून ठेवली आहे.

पुढे हे चित्र लढायांमध्ये उतरलं. १८१० साली मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्पेनविरुद्ध उठाव केला तो हिच्याच झेंड्याखाली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी डेलेनो ते सॅक्रामेंटो अशी सुमारे ३०० मैलांची पदयात्रा काढली, तेव्हाही पुढे तीच होती.

घरात मात्र तिच्याकडे बोट दाखवून मुलींना वेगळाच धडा दिला जाई: सोसावं, शुद्ध राहावं, स्वतःला मागे ठेवावं. एव्हलिन स्टीव्हन्स या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये या आदर्शाची चर्चा ‘मारियानिस्मो’ या नावाखाली केली. त्यांची मांडणी फार सरसकट आहे, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली. ती मला पटते, कारण घरातला देव्हारा बायकांच्याच ताब्यात असे आणि तिथे त्या केवळ माना खाली घालून बसत नव्हत्या. तरीही अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांसाठीच्या, म्हणजे चिकानो, चळवळीतल्या तरुणींना हा धडा बोचत होता. मोर्च्यात झेंड्यावर माता, आणि बैठकीत स्वयंपाक नि टंकलेखन बायकांकडे!

१९७५ मध्ये एस्तेर हर्नांदेझ यांनी एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, केलं. त्यात ग्वादालूपे कराटेच्या पोशाखात आहे आणि किरणांची चौकट मोडून लाथ मारते आहे. खाली शीर्षक: चिकानोंच्या हक्कांचं रक्षण करणारी माता.

मग १९७८. सॅन डिएगोच्या योलांदा लोपेझ यांनी ऑइल पेस्टलमध्ये तीन चित्रं केली. पहिल्यात त्या स्वतः धावण्याचे बूट घालून चंद्रकोरीवरून उडी घेत सुटल्या आहेत, मुठीत साप, आणि लाल-पांढऱ्या-निळ्या पंखांचा देवदूत मागे पडतो आहे. दुसऱ्यात शिवणकाम करणारी आई शिलाई मशीनवर बसून ताऱ्यांची ओढणी शिवते आहे. तिसऱ्यात आजी, हातात सापाची कात. या मालिकेतलं सर्वांत धीट चित्र मला आईचं वाटतं. किरण तेच, ओढणी तीच, पण तेज आलं आहे ते खांदे दुखेपर्यंत काम करणाऱ्या बाईला. लोपेझ यांना मातेची निंदा करायची नव्हती. घरातल्या बाईला तो मान द्यायचा होता. त्यांचंच एक चित्र, आखूड झगा आणि उंच टाचांच्या चपलांतली ग्वादालूपे, १९८४ मध्ये मेक्सिकोतल्या ‘फेम’ या स्त्रीवादी मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं, तेव्हा धमक्या आल्या.

सगळ्यात मोठा वाद झाला २००१ मध्ये, अमेरिकेतल्या सांता फे शहराच्या आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयात. आल्मा लोपेझ यांच्या १९९९ च्या डिजिटल चित्रात माता गुलाबांच्या बिकिनीत, कमरेवर हात ठेवून थेट समोर बघते. ओढणीवर कोयोलशाउकी या ॲझ्टेक चंद्रदेवीचं शिल्प आहे आणि खाली उघड्या छातीची देवदूत स्त्री. आर्चबिशप मायकेल शीहन यांनी निषेध केला, भाविकांनी निदर्शनं केली. त्यांतले अनेकजण पिढ्यानपिढ्या याच मातेपुढे दिवे लावत आलेले, त्यामुळे त्यांचं दुखावणं खोटं म्हणता येत नाही. पण आल्मा लोपेझही याच मातेच्या छायेत वाढल्या होत्या. आपल्या आईचं रूप कसं पाहावं, हे ठरवण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूंचाच का, हा त्यांचा प्रश्न होता. संग्रहालयाने चित्र उतरवलं नाही, पण प्रदर्शन ठरल्यापेक्षा काही महिने आधीच आटोपलं.