फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्या आणि ध्वनिफाइलींची सुसंगतता

मॅक्रोमीडिया फ्लॅश या द्विमित ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरला एमपी३ फाईल १९९९ साली, चौथ्या आवृत्तीपासून समजू लागली. त्याच्या जुन्या आवृत्त्या आजही वापरणाऱ्यांना आवाज आत घेताना हमखास अडचण येते. ‘फाईल वाचताना अडचण आल्याने ती इम्पोर्ट झाली नाही’ एवढाच संदेश येतो. नेमकी अडचण कोणती, हे तो सांगत नाही.

फ्लॅश एमएक्सच्या काळात (२००२) विंडोजवर वेव्ह, मॅकवर एआयएफएफ आणि दोन्हीकडे एमपी३ एवढेच प्रकार थेट चालत. बाकीच्यांसाठी संगणकावर क्विकटाइम या ॲपलच्या ध्वनी-चित्रफितींच्या प्रोग्रॅमची चौथी किंवा पुढची आवृत्ती लागे. विंडोजवरील क्विकटाइमला ॲपलने २०१६ मध्ये वाऱ्यावर सोडले आणि सुरक्षेतील त्रुटींमुळे ते काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला. तेव्हा केवळ आवाजासाठी ते पुन्हा बसवणे शहाणपणाचे नाही. मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या एम४ए फाइलीत एएसी या एमपी३हून वेगळ्या पद्धतीने संक्षेपित केलेला आवाज असतो. तिचे नाव बदलून शेवटी एमपी३ लावल्याने आतला आवाज बदलत नाही.

वेव्ह म्हटले की सगळे सुरळीत चालेल, असेही नाही. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी आणलेला हा प्रकार म्हणजे फक्त डबा आहे. आत काय भरले आहे ते शीर्षभागातला एक क्रमांक सांगतो: साध्या पीसीएमसाठी (संक्षेप न केलेल्या आवाजासाठी) १, एमपी३साठी ८५. २४ बिटांच्या किंवा बहुवाहिनी फाइलींत पुष्कळदा तिथे ६५५३४ असतो. जुन्या प्रोग्रॅमला तो क्रमांक ओळखता आला नाही, तर धडधाकट फाईलही नाकारली जाते.

फाईल नाकारली गेली तर निदान कळते तरी. सॅम्पल रेटचा, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या दराचा, घोळ त्याहून त्रासाचा, कारण फाईल मुकाट्याने चालू होते. फ्लॅशमधून तयार होऊन निघणाऱ्या एसडब्ल्यूएफ फाइलीत या दराची नोंद दोनच बिटांत होत असल्याने चारच पर्याय उरतात: ५.५, ११, २२ आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ. वेगळ्या दराचा आवाज इम्पोर्ट करताना फ्लॅश तो बदलून घेते. पण ॲनिमेशन चालू असताना बाहेरून मागवलेल्या एमपी३च्या बाबतीत जुने फ्लॅश प्लेअर चुकत आणि पात्रे किरट्या आवाजात भराभर बोलू लागत. ३२ किलोहर्ट्‌झच्या फाइलीला ४४.१ची समजले, तर मिनिटभराचा संवाद सुमारे ४४ सेकंदांत आटोपतो. मग ओठांच्या हालचालींचा मेळ कसा बसणार?

वेग बरोबर असूनही मेळ चुकतो तेव्हा आधी ‘सिंक’ची, म्हणजे आवाज चित्रांशी कसा जोडायचा याची, निवड पाहावी. ‘इव्हेंट’ प्रकारचा आवाज एकदा सुरू झाला की टाइमलाइनची पर्वा न करता वाजत राहतो. ‘स्ट्रीम’मध्ये आवाजाशी जुळवून घेण्यासाठी वेळप्रसंगी चित्रचौकटी गाळल्या जातात. संवादाला स्ट्रीमच हवा.

एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम (एन्कोडर) सुरुवातीला थोडी शांतता भरतात, त्यामुळे फिरत्या पार्श्वसंगीतात दर फेरीला खंड ऐकू येतो. असे संगीत वेव्हमध्ये देऊन संक्षेपणाचे काम फ्लॅशवर सोपवणे बरे. एरवी ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममधून ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, पीसीएम वेव्ह अशी निर्यात केली की बहुतेक फाइली निमूट आत जातात. एमपी३च द्यायची असेल, तर बिटरेट (दर सेकंदाला लागणारे बिट) स्थिर ठेवावा आणि मुखपृष्ठाच्या चित्रासह सगळे टॅग, म्हणजे फाइलीला जोडलेल्या नाव वगैरे नोंदी, काढून टाकावेत.