आशा स्वयंसेविका व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि पुढचं प्रशिक्षण

गावातल्या आशाताईंची जागा रिकामी झाली की मोबाइलवर 'आशा भरती, फॉर्म भरा, फी भरा' अशा लिंका फिरू लागतात. त्या पुसून टाका. आशाची निवड राज्यभराच्या एखाद्या परीक्षेतून होत नाही, ती गावातूनच होते आणि त्यात ग्रामसभेचा शब्द मोठा असतो. शहरी वस्त्यांसाठी महापालिका किंवा नगरपालिका वेगळी जाहिरात काढते. इथे ग्रामीण भागाचंच सांगतो.

महाराष्ट्रात बिगर आदिवासी भागात साधारण दीड हजार लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी भागात हजारामागे एक आशा असते. बिगर आदिवासी भागात शिक्षण किमान दहावी पास आणि वय २५ ते ४५ लागतं. आदिवासी भागात आठवी पास आणि २० ते ४५ चालतं. बाई त्याच गावची रहिवासी हवी आणि विवाहित हवी. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांनाही घेतात. लग्नाची अट अनेकींना खटकते. तिचं कारण एवढंच, की लग्नाआधीची मुलगी प्रशिक्षण घेऊन सासरी गेली की गाव पुन्हा आशाविना राहतं.

अर्ज साध्या कागदावर किंवा ग्रामपंचायतीकडून मिळालेल्या नमुन्यात द्यायचा. सोबत आधार कार्ड, रहिवासी दाखला किंवा रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो जोडा. लागू असेल तर जातीचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेशही लावा. दिलेल्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

घोळ बहुतेक वेळा नावात होतो. दाखला आणि गुणपत्रक माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि पासबुकात तिसरंच काहीतरी. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हा या दोन नावांमधला पूल. ते नसेल तर आधी काढून घ्या. मोबदला थेट खात्यात येतो, म्हणून आधार आणि पासबुकावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. नाहीतर काम सुरू होतं आणि पैसे अडकतात.

अर्जांची छाननी झाली की नावं ग्रामसभेपुढे येतात. तिथे स्वतः हजर राहा, शेजारणींनाही घेऊन जा. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. ते जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि निवडही लांबते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथेही विषय काढा. ठराव झाला की कागद प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातात.

खरं काम त्यानंतर शिकायला मिळतं. सुरुवातीचं प्रशिक्षण आठ दिवसांचं. पुढे आशांच्या अभ्यासक्रमातलं सहावं आणि सातवं मॉड्यूल, म्हणजे भाग, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत. यात गरोदरपणातली धोक्याची लक्षणं, बाळाचं वजन आणि तापमान घेणं, स्तनपान, लसीकरण, कुपोषण ओळखणं हे हातानं करून शिकवतात. दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. घरात दहा मिनिटं बसून ही पट्टी लावणारी बाई कित्येकदा दवाखान्याच्या आधी धोका ओळखते.

नवजात बाळाच्या घरभेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी बाळांची काळजी सुरू केली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरच्या आशांकडे हे काम आलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

एक गोष्ट अर्जाआधी घरच्यांशी बोलून घ्या. आशा ही सरकारी नोकरी नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. प्रशिक्षणासाठी सलग काही दिवस घराबाहेर राहावं लागू शकतं, आणि बाळंतपणाचा फोन रात्री दोनलाही येतो.