शिवारफेरीच्या वाटेवरचे झुडपी जंगल : पार्श्वभूमी

पूर्व विदर्भात गावाबाहेर पडणारी पायवाट क्वचितच थेट राखीव जंगलात शिरते. आखर, म्हणजे गुरे गोळा होण्याची गावाबाहेरची जागा, ओलांडून पांदणीने धानाच्या बांध्या मागे टाकल्या की पळस, बोर आणि तरोट्याचा एक मुरमाड पट्टा लागतो आणि शिवारफेरीचा बराचसा भाग याच पट्ट्यातून होतो. महसुली अभिलेखात त्याची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. वाघ पाहायला आलेले लोक तो गाडीतूनच ओलांडून जातात. पण तित्तिर, लावे, ससे, खोकड आणि रोही यांचा रोजचा वावर येथे असतो, आणि गावाच्या इतिहासाच्या खुणाही येथेच दाट आहेत.

नागपूरच्या आसपास दख्खनच्या बेसाल्टची काळी जमीन संपते आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना खडक उघडा पडतो. कापूस मागे पडून धान सुरू होते ते त्यामुळेच. जुनापाणी आणि माहुरझरी येथील लोहयुगीन शिळावर्तुळे, नगरधनचे वाकाटककालीन अवशेष, चांद्याचे व देवगडचे गोंड राज्य हा क्रम वाचकांना परिचित आहे. चालणाऱ्याला त्या काळाची सर्वांत ठळक खूण दिसते ती तलावांत. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या आणि एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरवला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत असे 6 हजारांहून अधिक तलाव आहेत. पूर्वी ते मालगुजारांचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्यांचे, होते; माजी मालगुजारी म्हणून त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंदियात त्यांच्या उथळ काठावर, देवधानाच्या (रानटी भाताच्या) दाटीत किंवा लगतच्या बांधीत सारस पक्षी पावसाळ्यात घरटे रचतो. पाळीवरून ते दिसले तरी खाली उतरू नये.

झुडपी जंगलाची गोष्ट मात्र अलीकडची आहे. 1853 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्या जमाबंदीत मालगुजार गावाचा मालक ठरला. पडीक जमीन कागदोपत्री त्याची असली, तरी गुरे चारणे, जळण आणणे आणि मुरूम-माती नेणे हा गावकऱ्यांचा निस्तार, म्हणजे वहिवाटीचा हक्क, होता. वऱ्हाडात शेतकरी थेट सरकारला सारा भरणारी रयतवारी असल्याने तेथे हा प्रकार नाही. तेथे अशा सरकारी चराऊ जमिनी ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जातात. 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि तलावांबरोबर या जमिनीही सरकारजमा झाल्या. गावाचा निस्तार निस्तारपत्रकात आणि रहदारी, सिंचन व मासेमारीच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवण्याची तरतूद 1966 च्या जमीन महसूल संहितेतही कायम राहिली. शिवारफेरी करणाऱ्यांनी पक्ष्यांच्या यादीइतक्याच आस्थेने हे दोन कागद वाचायला हवेत, कारण ज्या वाटेने आपण चालतो तिचा हक्क अनेकदा तेवढ्यावरच टिकून असतो.

खरा गुंता पुढे झाला. नोंदीत जंगल हा शब्द होता, पण जमीन महसूल खात्याकडे होती आणि उपयोग चराईचा होता. त्यामुळे 25 ऑक्टोबर 1980 रोजी वन संवर्धन कायदा लागू झाल्यावर ही जमीन वन मानायची की नाही, याचे उत्तर सोयीप्रमाणे दिले गेले. दरम्यान त्याच जमिनींवर शाळा, कार्यालये, घरे आणि स्मशानभूमी उभ्या राहिल्या. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, कायद्याच्या कक्षेत आणली. तरीही वाद शमला नाही. सुमारे 86 हजार हेक्टर क्षेत्राचा हा प्रश्न 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि झुडपी जंगल हे वनच असल्याचे ठरले. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींपुरता, केंद्राच्या मान्यतेने, अपवाद ठेवण्यात आला.

विकास खोळंबल्याची तक्रार निकालाआधी वर्षानुवर्षे होत होती. जुन्या वस्त्यांतील घरांपुरती ती रास्त होती. मात्र उरलेली झुडपे म्हणजे निरुपयोगी जमीन, हा त्यामागचा समज चुकीचा आहे. उन्हाळ्यात गायकी (गुराखी) जेथे कळप नेतो, पळसाची पाने जेथून येतात आणि तलावात उतरणारे पावसाचे पाणी जेथे मुरते, ती जमीन रिकामी नसते. या पट्ट्यात खड्डे खणून सागाची रोपे लावली, तर लाव्याला लागणारे आखूड गवत तेथे उरणार नाही.

निकालातील एक भाग शिवारासाठी विशेष महत्त्वाचा आहे. तीन हेक्टरांहून लहान व वनाला लागून नसलेले तुकडे भारतीय वन अधिनियमाच्या कलम 29 खाली संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत. त्या कलमानुसार अशा जमिनीवरील शासनाच्या व खासगी व्यक्तींच्या हक्कांची चौकशी व नोंद व्हावी लागते. चराईच्या जागा, गुरांच्या वाटा आणि तलावाकडे जाणारे रस्ते गावाने निस्तारपत्रक हाती घेऊन याच टप्प्यावर दाखवून द्यायला हवेत.